सोलापूर परिसरातील सदाहरित कुंपणझुडपे

सदाहरित कुंपणझुडपे म्हणजे घराची बाग, परसदार किंवा शेताचा बांध यांच्या कडेने ओळीत लावली जाणारी आणि वर्षभर पाने राखणारी झुडपे होत. सुट्या झुडपांऐवजी एक सलग हिरवी भिंत उभी राहावी, असा या लागवडीचा हेतू असतो. आडोसा, धूळ अडवणे, वारा मंदावणे, जनावरांना अटकाव आणि शोभा ही अशा कुंपणाची नेहमीची प्रयोजने आहेत. सोलापूर शहर व जिल्हा महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडत असल्यामुळे येथे झुडपांची निवड कोकण किंवा मावळ भागापेक्षा निराळ्या निकषांवर करावी लागते. उन्हाळ्यात अल्प पाण्यावर झुडूप हिरवे राहील काय, चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याची मुळे तग धरतील काय आणि मोकाट शेळ्या-गुरांपासून ते स्वतःचे रक्षण करील काय, हे तीन प्रश्न येथे महत्त्वाचे ठरतात. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा झुडपाच्या विषारीपणात सापडते आणि निवडीतील खरी अडचण तेथेच सुरू होते.

'सदाहरित' या शब्दाचा अर्थ

सदाहरित झाडाची पाने गळत नाहीत, हा समज बरोबर नाही. अशा झाडाची जुनी पाने सतत गळत असतात. मात्र ती सर्व एकाच ऋतूत न गळता थोडी थोडी गळतात आणि तोवर नवी पाने आलेली असतात. सोलापूर परिसरातील नैसर्गिक वनस्पतिजीवन शुष्क पानझडी व काटेरी खुरट्या प्रकारचे आहे. पाणी संपले की पाने टाकून देणे हाच येथील बहुतेक वृक्ष-झुडपांचा जगण्याचा मार्ग होय. त्यामुळे येथे वर्षभर हिरवे राहणाऱ्या झुडपाजवळ एक तर पाणी वाचवण्याची काही अंगभूत सोय असावी लागते, नाही तर माळी तरी असावा लागतो.

अशी सोय कण्हेरीच्या पानात उत्तम दिसते. पानाची पृष्ठे जाड व चिवट असून बाष्पोत्सर्जन करणारी रंध्रे खालच्या बाजूच्या केसाळ खळग्यांत दडलेली असतात. कोरडा वारा त्यांना थेट लागत नाही. जखमी या झुडपाच्या पानांवर चिकट राळेसारखा लेप असतो. मेंदीची पाने बारीक असतात आणि पाण्याचा फारच ताण पडल्यास ती काही पाने टाकूनही देते. म्हणून मेंदीला काटेकोर अर्थाने सदाहरित न म्हणता 'पाणी असेतो सदाहरित' म्हणणे अधिक योग्य ठरेल.

जिल्ह्याच्या प्रमुख फळपिकाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. डाळिंबाचे झाड थंड प्रदेशात हिवाळ्यात पाने गाळते. सोलापूरच्या हवेत मात्र पाणी मिळत राहिल्यास ते जवळजवळ वर्षभर हिरवे असते. सांगोला भागातील बागायतदार बहार धरण्यासाठी मुद्दाम पाणी तोडून झाडाला ताण देतात व पानगळ घडवून आणतात. एकच झाड पाण्याच्या हिशेबाने सदाहरित किंवा पानझडी होऊ शकते, हे यावरून ध्यानात येते.

पाऊस, पाणी आणि जमीन

सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान साधारणपणे ५०० ते ६०० मिलिमीटरच्या दरम्यान असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची विभागणी. जूनमधील पावसानंतर जुलै-ऑगस्टमध्ये मोठे खंड पडतात आणि सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये होतो. एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. सोलापूर शहराला मुख्यतः भीमा नदीवरील उजनी धरणाचे पाणी मिळते आणि बहुतेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. टाकीत साठवलेल्या पाण्यावर ज्या घराचा संसार चालतो, तेथे बागेचा क्रमांक शेवटचा लागणे स्वाभाविक आहे.

पाण्याचा अंदाज करण्याची एक सोपी रीत आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. वीस मीटर लांब आणि मुळांचा पसारा धरून एक मीटर रुंद अशा कुंपणपट्ट्याला उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले, तर रोज १०० लिटर लागतात. जास्वंद किंवा दुरांता यांच्या कुंपणाला एवढी गरज सहज पडते. मुळे स्थिरावलेल्या कण्हेरीला किंवा करवंदाला आठ-पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी दिले तरी पुरते. रोप घेताना विचारायची किंमत ती हीच. रोपवाटिकेतील दरातील फरक तिच्यापुढे नगण्य असतो.

जमीन बव्हंशी दख्खनच्या काळ्या पाषाणापासून बनलेली आहे. नदीकाठी ती खोल व काळीभोर, तर माळावर उथळ व मुरमाड असते. खोल काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. या भेगांमुळे कोवळ्या मुळांची तुटातूट होते, तर सप्टेंबरच्या पावसात त्याच मुळांशी पाणी तुंबते. मातीत चुनखडीचे खडे असतात व तिची प्रतिक्रिया अल्कधर्मी असते. अशा मातीत लोह असूनही काही झुडपांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. होटगी रस्ता, विजापूर रस्ता, जुळे सोलापूर अशा शहराच्या वाढत्या भागांत नव्या घरांभोवती पुष्कळदा बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. चुना-सिमेंटच्या या भरावामुळे जमिनीचा अल्कधर्म आणखी वाढतो.

शेळ्या, काटे आणि विष

शहराच्या कडेच्या वसाहतींत आणि खेड्यांत कुंपणाची पहिली परीक्षा शेळी घेते. शेळी न खाणारी झुडपे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात: काटेरी, कडू वा उग्र वासाची आणि विषारी. या तिन्हींत भेद करणे निवडीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. 'जनावर तोंड लावत नाही' एवढीच शिफारस ऐकून रोपे लावली जातात. जनावर तोंड का लावत नाही, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

कण्हेर (नेरियम ओलिअँडर) ही सोलापूरच्या हवेला सर्वाधिक मानवणारी फुलझाडांपैकी एक आहे. ती छाट कलमांनी सहज लागते, कोणत्याही जमिनीत वाढते, भर उन्हाळ्यात फुलते आणि धूळ-धूर सोसते. महामार्गांच्या दुभाजकांत तिची लागवड होते ती याच गुणांमुळे. तिचे सर्व भाग विषारी असतात. ओलिअँड्रिन व तत्सम द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात. वाळलेल्या पानांतही विष टिकते आणि फांद्या जाळल्यास धूरही अपायकारक असतो. हिरव्या कण्हेरीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत, परंतु छाटणी केलेल्या फांद्या सुकून चाऱ्यात किंवा कडब्यात मिसळल्या तर धोका संभवतो. छाटलेला पाला रस्त्याच्या कडेला टाकून देण्याची सर्वत्र दिसणारी सवय कण्हेरीच्या बाबतीत म्हणूनच घातक आहे. तो खोल खड्ड्यात पुरणे इष्ट.

पिवळी कण्हेर किंवा बिट्टी (कॅस्काबेला थेवेटिया) मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून नेरियमपेक्षा वेगळ्या प्रजातीतील आहे. पाने अरुंद व तकतकीत, फुले घंटेसारखी पिवळी आणि फळ हिरवे, कोनदार असते. फळातील कठीण बी म्हणजे 'बिट्टी'. मुले, विशेषतः मुली, बिट्ट्यांनी खेळत आल्या आहेत. हे बी फोडून खाल्ल्यास ते प्राणघातक ठरू शकते. लहान मुले असलेल्या घराच्या, अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या कुंपणाला बिट्टी लावू नये. लावलेलीच असेल तर फळे धरण्यापूर्वी फुलोरा छाटणे हा अर्धामुर्धा उपाय आहे. झुडपे काढून टाकणे हा पुरा उपाय होय. या दोहोंपैकी कोणत्याही कण्हेरीचा भाग पोटात गेल्याची शंका आल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे आणि झाडाची डहाळी ओळखीसाठी सोबत घ्यावी.

शेर (युफोर्बिया तिरुकल्ली) व त्याच्या जातीचे निवडुंग बांधावर वर्षानुवर्षे लावले जातात. शेराला पाने नाममात्र असतात; हिरव्या कांड्याच पानांचे काम करतात. त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होऊन दृष्टीला इजा होऊ शकते. घराच्या बागेत त्याला स्थान नसावे.

विषाविना संरक्षण देणाऱ्या झुडपांत अडुळसा (जस्टिशिया अधातोडा) अग्रभागी ठेवावा लागेल. लांबट, गर्द पाने, पांढरी ओठाळ फुले आणि उग्र वास ही त्याची खूण. शेळ्या त्याला टाळतात. छाट कलमे पावसाळ्यात लगेच मुळे धरतात आणि दोन वर्षांत पुरुषभर उंचीचा आडोसा होतो. खोकल्यावरील औषध म्हणून त्याची ओळख घरोघरी असली, तरी कुंपणाचे झुडूप म्हणून त्याचा विचार त्या मानाने कमीच होतो. त्याची घडण थोडी अघळपघळ असते. काटेकोर चौकोनी भिंत हवी असलेल्यास तो आवडणार नाही.

कोयनेल किंवा वनजाई (क्लेरोडेंड्रम इनर्मी) समुद्रकिनाऱ्यावरील झुडूप असल्यामुळे क्षार सहन करते. कूपनलिकेचे पाणी मचूळ असलेल्या ठिकाणी तिचा हा गुण उपयोगी पडतो. पाने कडू असल्याने जनावरे खात नाहीत, छाटणी मानवते आणि कुंपण दाट होते. सामान्य व्यवहारात 'कुंपणाची मेंदी' म्हणून अनेकदा हीच रोपे दाखवली जातात, त्यामुळे घेताना पान चुरगळून व नाव विचारून खात्री करून घ्यावी. खरी मेंदी (लॉसोनिया इनर्मिस) पानांच्या रंगाने आणि लहान, सुगंधी फुलोऱ्याने ओळखू येते. ती जुनी झाली की फांद्यांची टोके काट्यांसारखी होतात. काळ्या जमिनीत व कोरड्या हवेत तिच्याइतके स्वस्त, निरुपद्रवी आणि घरोपयोगी कुंपण दुसरे क्वचितच सापडेल. उन्हाळ्यात ती काहीशी विरळ दिसते, हा दोष मान्य करावा लागतो.

जखमी (डोडोनिया व्हिस्कोसा) दख्खनच्या खडकाळ टेकड्यांवर आपोआप वाढते. तिला पंखयुक्त, कागदी फळे येतात. मुरमाड जागेत, जेथे दुसरे काही जगत नाही तेथे, ती हिरवी राहते व शेळ्यांना नकोशी असते. रोपवाटिकांत मात्र ती सहसा मिळत नाही. बी गोळा करून, गरम पाण्यात भिजवून रोपे करावी लागतात.

रोपवाटिकांतील लोकप्रिय झुडपे

शहरातील रोपवाटिकांत सर्वाधिक दिसणारी कुंपणझुडपे पुष्कळदा अधिक पावसाच्या प्रदेशाला साजेशी असतात. एक्झोरा हे त्याचे ठळक उदाहरण. आम्लधर्मी तांबड्या मातीत लाल गुच्छांनी डवरणारे हे झुडूप चुनखडीच्या जमिनीत वर्षभरात पिवळे पडते. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस मिसळून फवारल्यास पाने तात्पुरती हिरवी होतात. पण जमीन तीच असल्यामुळे हा उपचार दरवर्षी करीत राहावा लागतो. कुंडीत, निराळ्या मातीत, एक्झोरा जरूर लावावा, कुंपणासाठी नव्हे.

सोनेरी पानांचा दुरांता झपाट्याने वाढतो, म्हणून तो आवडता आहे. त्याला वारंवार पाणी व तितकीच वारंवार छाटणी लागते आणि त्याची नारिंगी फळे विषारी असतात. जास्वंदीचे स्थान देवपूजेमुळे, विशेषतः गणपतीच्या फुलांमुळे, अढळ आहे. ओळीत दाट लावल्यास मात्र पिठ्या ढेकणाचा उपद्रव एका झुडपावरून दुसऱ्यावर पसरतो. पाण्याच्या नळाजवळ दोन-चार जास्वंदी आणि उरलेल्या कडेला काटक झुडपे, अशी विभागणी व्यवहार्य असते. तगरीचेही तसेच, तिला मध्यम पाणी व दुपारची थोडी सावली मानवते.

कुंती अथवा कामिनी (मुराया पॅनिक्युलाटा) हे देखणे, सुगंधी आणि घट्ट वाढणारे झुडूप आहे. अंगणात लावण्यास हरकत नाही. मात्र जवळपास कागदी लिंबाची किंवा मोसंबीची बाग असल्यास ते टाळावे, कारण लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिल्ला ही कीड कुंतीवर वाढते. कढीपत्त्याचाही या किडीच्या आश्रयदात्यांत समावेश होतो.

अलीकडच्या काळात उंच हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस या परदेशी झाडाची लागवड अनेक शहरांत झाली. कमी पाण्यात अत्यंत वेगाने वाढणे हा त्याचा गुण आणि मुळांनी गटारे, जलवाहिन्या व भिंती यांना त्रास देणे हा दोष. गुजरात शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली. छोट्या भूखंडावरील घराने त्याच्या वाटेस न जाणेच श्रेयस्कर.

शेताचा बांध

बांधावरील कुंपणाला शोभेपेक्षा अभेद्यता महत्त्वाची असते. येथे करवंद (कॅरिसा कॅरंडास) हे सर्व दृष्टींनी उजवे ठरते. ते सदाहरित असून जोडकाट्यांमुळे त्यातून जनावर शिरत नाही. कच्च्या फळांचे लोणचे होते, पिकलेली फळे खाल्ली जातात. बियांची उगवणशक्ती अल्पकाळ टिकते, म्हणून फळातून काढलेले बी ताबडतोब पेरावे लागते. आरंभीची वाढ सावकाश असते आणि भरीव कुंपण व्हायला चार-पाच वर्षे लागतात. हा विलंब सोसत नसल्यामुळे तारेचे कुंपण प्रथम घातले जाते. त्याच्या आतून करवंद लावल्यास तार गंजेपर्यंत जिवंत कुंपण तयार होते. एकोणिसाव्या शतकात मिठावरील कर चुकवला जाऊ नये म्हणून ब्रिटिशांनी उत्तर व मध्य भारतातून बऱ्हाणपुरापर्यंत जे प्रचंड काटेरी कुंपण वाढवले होते, त्यातही बोर, बाभूळ व निवडुंग यांबरोबर करवंद होते. ती करसीमा १८७९ मध्ये रद्द झाली.

विलायती चिंच (पिथेसेलोबियम डल्से) वास्तविक वृक्ष आहे, पण वारंवार छाटल्यास ती दाट काटेरी कुंपणाचे रूप घेते. बी जागेवरच पेरता येते. तिची पाने शेळ्यांना आवडतात, त्यामुळे पहिली दोन वर्षे राखण आवश्यक असते; नंतर छाटलेला पाला चारा म्हणून उपयोगी पडतो. चिलार हे काटेरी, पसरट झुडूप ओढ्याकाठच्या मोठ्या क्षेत्राला योग्य असून घराजवळ आवरत नाही. कमरेएवढ्या कुंपणाला काटेकोरांटी पुरेशी होते.

कुंपणातून सुटलेली झुडपे

कुंपणासाठी आणलेली वनस्पती रानात पसरल्याची उदाहरणे भारतात कमी नाहीत. घाणेरी किंवा टणटणी (लॅन्टाना कामारा) एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून आली. पक्ष्यांनी फळे खाऊन बी सर्वत्र नेले आणि आज ती माळराने व वने व्यापून आहे. तिची पाने खाल्लेल्या गुरांच्या यकृताला इजा होते. फड्या निवडुंगाने दक्षिण भारतात असाच उच्छाद मांडला होता. १९२६ मध्ये सिलोनमधून आणलेल्या कोचिनील वर्गातील किड्याने तो आटोक्यात आला. वेडी बाभूळ हे त्याच मालिकेतील नाव.

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात हा मुद्दा केवळ शेतीपुरता नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य गवताळ माळावर वसलेले आहे. माळढोकाला मोकळा, दूरवर नजर पोहोचेल असा माळ लागतो; झुडपांनी भरलेला माळ त्याच्या दृष्टीने नष्ट झाल्यासारखाच असतो. माळरानाच्या शेजारच्या शेतांत बी दूरवर पसरवणारे विदेशी झुडूप न लावणे, ही त्यामुळे शेजारधर्माची बाब ठरते.

लागवड

रोपे जूनमध्ये लावण्याची प्रथा आहे. परंतु सोलापुरात जुलै-ऑगस्टच्या खंडात हात-पाणी देणे शक्य नसेल, तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या आरंभी लागवड करणे अधिक सुरक्षित असते. पुढे हिवाळा येत असल्याने उन्हाळ्यापूर्वी मुळांना सहा महिने मिळतात. सुट्या खड्ड्यांऐवजी सुमारे ४५ सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल सलग चर खणावा. खोल काळ्या मातीत चराच्या तळाशी मुरूम घालून माती शेणखतात मिसळून भरावी; मुरमाड जमिनीत उलट बाहेरची काळी माती घालावी. राडारोडा आढळल्यास तो उचलून टाकण्यास पर्याय नाही. मेंदी व कोयनेल यांसाठी दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर, अडुळशासाठी ४५ ते ६०, करवंदासाठी सुमारे ६० आणि कण्हेरीसाठी ९० सेंटिमीटर अंतर पुरते. दाटी हवी असल्यास दोन ओळी नागमोडी लावाव्यात.

ठिबकची एक नळी संपूर्ण ओळीला पुरते. पहिली दोन वर्षे पाणी नियमित, पण प्रत्येक वेळी खोलवर मुरेल असे द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडल्यास मुळे वरच्या थरातच राहतात आणि जमिनीला भेगा पडताच तुटतात. बुंध्याशी वाळला पाला, उसाचे पाचट किंवा तुराट्यांचा भुसा यांचे आच्छादन केल्यास भेगा कमी पडतात. धुण्याभांड्याचे साबणमिश्रित पाणी आधीच अल्कधर्मी असलेल्या जमिनीला सतत देणे बरे नाही. कण्हेर व कोयनेल ते काही प्रमाणात सोसतात, जास्वंद व कुंती सोसत नाहीत.

छाटणी

नवे कुंपण लवकर उंच व्हावे म्हणून शेंडे न छाटणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. अशी झुडपे वर झुपकेदार आणि खाली उघडी पडतात व शेळी तेथूनच आत येते. रोप रुजताच त्याचा शेंडा जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर खुडावा आणि पुढेही दर वीतभर वाढीनंतर निम्मी वाढ कापावी. कुंपण पायथ्याशी रुंद व माथ्याशी किंचित अरुंद ठेवल्यास खालच्या फांद्यांना ऊन मिळून त्या हिरव्या राहतात. मोठी छाटणी पावसाळ्याच्या आरंभी करावी. मार्च ते मे या काळात ती टाळावी. आतील कोवळी पाने एकाएकी उन्हात येऊन करपतात आणि त्याच महिन्यांत बुलबुलाची घरटी दाट कुंपणात असतात. कण्हेर व बिट्टी छाटताना हातमोजे घालावेत, चीक डोळ्यांस लागू देऊ नये आणि अवजारे धुऊन ठेवावीत.

कण्हेरीवर कधीकधी बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसते. ती एका पतंगाची अळी असून विष पचवून पाने फस्त करते. कॉमन क्रो जातीचे फुलपाखरूही कण्हेरीवर अंडी घालते. या अळ्यांमुळे झुडूप मरत नाही. पावसाळ्यात पाने पुन्हा येतात, म्हणून फवारणीची आवश्यकता सहसा नसते.